आयसीयूत ईईजी लावायला निघालात? आधी घड्याळ जुळवा

ओपीडीत ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीला, येणारा पेशंट केस धुऊन, चालत येतो. डोळे मिटा म्हटलं की मिटतो, लांब श्वास घ्या म्हटलं की घेतो. आयसीयूत यंत्र तेच, वायरी त्याच, पण पेशंट आपलं काहीच ऐकत नाही. तोंडात नळी, मानेला कॉलर, डोक्याला बँडेज, दोन्ही बाजूंना पंप, आणि खाटेभोवतीची पाच-सहा यंत्रं आपापल्या सुरात ओरडत असतात. मेंदूतून टाळूपर्यंत पोचणारा सिग्नल असतो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. छातीवरचा ईसीजी एक मिलिव्होल्टच्या घरात, म्हणजे त्याच्या कितीतरी पट मोठा. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज टिपायची, असा हा प्रकार आहे.

पहिल्यांदा आयसीयूत पाठवलेल्या तंत्रज्ञांसाठी आणि रात्रपाळीत स्वतःच इलेक्ट्रोड (लहरी टिपायला टाळूवर चिकटवायच्या धातूच्या चकत्या) लावायची वेळ आलेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी हे लिहितेय. यातलं बरंचसं मी चुका करून शिकले. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: आयसीयूतलं निम्मं रेकॉर्डिंग पडद्यावर होतं आणि निम्मं तुमच्या नोंदींत. खाटेवर त्या क्षणी काय चाललं होतं हे लिहिलेलं नसेल, तर सकाळी तो ईईजी वाचणारे डॉक्टर अंधारात चाचपडतात.

हे करायचं कशासाठी

हातपाय झाडत येणारी फिट कुणालाही दिसते. पण आयसीयूतल्या बऱ्याच फिट्स बाहेरून दिसतच नाहीत. पेशंट निपचित पडलेला असतो, फार तर एक पापणी फडफडते, आणि आत मेंदूत मात्र झटका चालू असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००४ साली ५७० पेशंटच्या सलग ईईजीचा अभ्यास छापला. त्यात १९ टक्के पेशंटमध्ये झटके सापडले, आणि ज्यांच्यात सापडले त्यांतल्या ९२ टक्के जणांचे झटके केवळ ईईजीवरच कळणारे होते. "पेशंट शांत आहे, ईईजी कशाला?" असं कुणी विचारलं तर हा आकडा सांगा. शिवाय ज्याला व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियमसारखं स्नायू लुळे करणारं औषध चालू आहे, त्याला फिट आली तरी हात हलणारच नाही. तिथे ईईजीशिवाय दुसरा मार्ग नाही.

बाकीची कारणं थोडक्यात: फिट थांबल्यावरही पेशंट शुद्धीवर येत नसेल, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल, डोक्याला मार असेल, मेंदूत रक्तस्राव किंवा मेंदूज्वर असेल, किंवा झटके आवरण्यासाठी पेशंटला मुद्दाम औषधाने गाढ झोपवलं असेल.

फोन आला की

"सात नंबरला ईईजी लावायचाय" एवढं ऐकून गाडी ढकलत निघू नका. फोनवरच चार गोष्टी विचारा. डोक्यावर जखम, टाके किंवा मेंदूतलं पाणी काढायची नळी आहे का? पुढच्या काही तासांत एमआरआय ठरलाय का? ठरला असेल तर साधे धातूचे इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावावे लागतील, मग एमआरआय होऊन जाऊ द्यावा हे बरं. सीटी करता येतो, फक्त धातूच्या रेघा चित्रात उमटतात. पेशंट आयसोलेशनमध्ये आहे का? असेल आणि घाई नसेल तर तो शेवटी घ्या. आणि लावायचाय किती वेळ, अर्धा तास की रात्रभर?

खाटेपाशी पोचलात की केसपेपर वाचा. शेवटची फिट कधी आली, शुद्धीचा स्कोअर किती, ताप आहे की अंग गार केलंय. झोपेची औषधं कोणती आणि तासाला किती मिलिलिटरने जाताहेत, हे केसपेपरवरून न लिहिता पंपावर बघून लिहा. प्रोपोफॉल आणि मिडॅझोलॅम ईईजीचा चेहराच बदलून टाकतात. अँटिबायोटिक्सही टिपा. किडनी खराब असताना सेफेपाइम चालू असेल तर त्या औषधामुळेच पेशंट गुंगू शकतो आणि ईईजीवर डोकंभर एकसारखे ठोके, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या टोकदार लहरी, दिसू शकतात. औषधाचं नाव तुमच्या नोंदीत असेल तर वाचणाऱ्याला तो धागा लगेच सापडतो.

नातेवाईक, तेल आणि अंगारा

आयसीयूच्या दाराबाहेर पेशंटचा मुलगा हमखास विचारणार, "ताई, शॉक देणार का?" वायरी बघून लोकांना तेच वाटतं. सांगा: "नाही दादा, आम्ही आत काही सोडत नाही. मेंदूतून जे येतं ते फक्त लिहून घेतो, ईसीजीसारखं." या एका वाक्याला वेळ द्या. पुढचे चोवीस तास वायरी कुणी उपटू नयेत यासाठी ती माणसं तुमच्या बाजूची हवीत.

आपल्याकडच्या डोक्यांची एक खास अडचण म्हणजे खोबरेल तेल. फिट आल्यावर घरच्यांनी टाळूवर तेल थापलेलं असतं, कपाळाला अंगारा लावलेला असतो. तेलावर पेस्ट टिकत नाही. दोन तासांत इलेक्ट्रोड घसरतो. सिस्टरला विचारून, जखम नसेल तर कोमट पाणी आणि थोड्या शाम्पूत भिजवलेल्या कापडाने टाळू पुसून घ्या आणि पूर्ण कोरडी करा. कपाळावरचा अंगारा किंवा टिकली काढायची असेल तर घरच्यांना विचारून काढा. अंगारा थोडा खाली, दोन भुवयांच्या मध्ये लावला तर आमची हरकत नसते, हेही सांगा.

पेशंटचं डोकं हलवण्याआधी सिस्टरला विचारायचंच. मानेला कॉलर असेल तर डोकं एकट्याने उचलायचं नाही. मेंदूतला दाब कमी राहावा म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवलेली असेल तर ती आपल्या सोयीसाठी सपाट करायची नाही.

डोकं मोजा, अंदाजाने लावू नका

इलेक्ट्रोडच्या जागा ठरवायची १०-२० पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडली, आणि आजही जगभर तीच चालते. टेप घ्या. नाकाच्या मुळाशी जिथे खोबण लागते तिथपासून डोक्याच्या मागे हाताला लागणाऱ्या उंचवट्यापर्यंत मोजा. समजा ३६ सेंटिमीटर भरलं. त्याचे १० टक्के म्हणजे ३.६ वर पहिली खूण, पुढे प्रत्येकी २० टक्के म्हणजे ७.२ अंतर: १०.८, १८, २५.२, ३२.४. बरोबर १८ वर सीझेड, टाळूचा मध्य. मग एका कानासमोरच्या खळगीपासून सीझेडवरून दुसऱ्या कानापर्यंत मोजा आणि त्याच हिशोबाने खुणा करा. शेवटी डोक्याभोवतीचा घेर. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त वेळा इथेच घोळ होतो, कारण तुम्ही पेशंटच्या डोक्यामागे उभे असता आणि वायरी जॅकबॉक्समध्ये (यंत्राला जोडलेल्या, वायरी खोचायच्या डबीत) खोचताना समोर येता. डावं-उजवं उलटलं की रिपोर्टही उलटा. सगळं लावून झालं की डावीकडच्या एका इलेक्ट्रोडवर बोटाने हलकेच टकटक करा आणि पडद्यावर डावीकडचाच चॅनल उडतो का ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

आयसीयूत सगळ्या जागा मोकळ्या मिळत नाहीत. सी३ च्या (सीझेडच्या डावीकडच्या) जागी टाके आले तर इलेक्ट्रोड दोन सेंटिमीटर मागे सरकवा, पण मग उजवीकडचा सी४ सुद्धा तेवढाच मागे घ्या. दोन बाजूंची अंतरं सारखी राहिली नाहीत तर एका बाजूच्या लहरी उगाच लहान दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं तिकडचा मेंदू बसलाय. काय सरकवलं ते लिहा. कवटीचा तुकडा काढलेला असेल तर त्या जागी लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, कारण मध्ये हाड नाही. कवटी कुठे उघडी आहे याचं एक छोटं चित्र नोंदवहीत काढून ठेवा. चित्रकला यायची गरज नाही, गोल काढून फुली मारली तरी चालते.

घासणं, चिकटवणं, वेणी घालणं

केसांचा भांग पाडा, काडीवरच्या कापसाला नूप्रेपसारखं घासायचं जेल लावून त्या ठिपक्यापुरतं घासा. कातडी लालसर झाली की थांबा. रक्त काढायचं नाही. टाक्यांजवळ किंवा नळीजवळ अजिबात घासू नका. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगला टेन-२० पेस्ट आणि वर गॉजचा चौकोन पुरतो. रात्रभर ठेवायचं असेल तर कोलोडियन (वाळल्यावर घट्ट धरणारा चिकट द्रव) चांगलं, पण ते चटकन पेट घेतं, त्याचा वास सगळ्या वॉर्डात पसरतो, आणि जिथे ऑक्सिजन मोकळा सुटतोय तिथे ते वापरूच नये. माझं मत विचाराल तर पेस्ट, गॉज आणि डोक्याला नीट गुंडाळलेलं बँडेज यावर बरंच भागतं. फक्त दर काही तासांनी पेस्ट भरायचा कंटाळा करायचा नाही.

डोक्यावरचे १९, कानांचे २, शिवाय ग्राउंड, रेफरन्स (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो) आणि ईसीजीचे दोन. ईसीजी कधीही वगळू नका. आर्टिफॅक्ट, म्हणजे मेंदूबाहेरून आलेल्या खोट्या लहरी, ओळखताना अर्धे प्रश्न तोच सोडवतो. ग्राउंड एकच. दुसरं यंत्र जोडलेलं असताना पेशंटला दोन ग्राउंड मिळाले तर त्यातून नको तो करंट वाहू शकतो.

आता वायरी. त्या मोकळ्या सोडू नका. सगळ्या एकत्र घेऊन वेणीसारख्या गुंफा आणि डोक्यावरून मागे नेऊन उशीपाशी जॅकबॉक्सला जोडा. गुंफलेल्या वायरी आजूबाजूची वीज कमी पकडतात आणि कूस बदलताना मावशींच्या हातात अडकत नाहीत. वेणीला थोडी ढील ठेवा.

मग इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधला विजेला होणारा अडथळा, तपासा. ओपीडीत आपण ५ किलोओहमच्या आत आणतो. आयसीयूत १० च्या आत असलं तरी चालतं, पण सगळ्या इलेक्ट्रोडचं साधारण सारखं हवं. एक २ वर आणि शेजारचा १५ वर असेल तर बाहेरची वीज तिथूनच शिरते. आणि १०० ओहमच्याही खाली गेलं तर खूश होऊ नका. दोन इलेक्ट्रोडची पेस्ट पसरून एक झालीय, म्हणजे दोन वायरी एकाच जागेवरचं ऐकताहेत. पेस्ट पुसून पुन्हा लावा.

घड्याळ

सेटिंग सोपं आहे. एका पानावर १० सेकंद, सेन्सिटिव्हिटी ७ मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर, खालचा फिल्टर १ हर्ट्झ, वरचा ७०, सॅम्पलिंग निदान २५६. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (घरगुती विजेची खरखर गाळणारा) सुरुवातीला बंद ठेवा, नाहीतर सुटलेला इलेक्ट्रोड त्याच्याआड लपतो. कॅमेरा सुरू करा आणि पेशंटचा चेहरा, दोन्ही हात दिसतील असा लावा.

आणि यंत्राचं घड्याळ आयसीयूच्या घड्याळाशी जुळवा. मी हे एकदा केलं नव्हतं. आमच्या यंत्राचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. रात्री २ वाजून १० मिनिटांनी सिस्टरने मिडॅझोलॅमचा बोलस (एकदम दिलेला डोस) दिला आणि चार्टवर तशी वेळ टाकली. ईईजी लगेच सपाट झाला, पण यंत्राने वेळ दाखवली २ ची. घरून लॅपटॉपवर बघणाऱ्या डॉक्टरांच्या हिशोबाने औषध द्यायच्या दहा मिनिटं आधीच मेंदूचं काम मंदावलं होतं. त्यांनी तातडीने सीटी सांगितला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मध्यरात्री दोन मजले खाली नेऊन आणलं, आणि सीटीत नवीन काही नव्हतं. सकाळी मी घड्याळ बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. डॉक्टर मला रागावले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मेंदू कुठला आणि खाट कुठली

खरी मेहनत इथून पुढे. पडद्यावर काहीतरी लयीत चाललेलं दिसलं की पहिला प्रश्न: खोलीत अजून काय याच लयीत चाललंय?

व्हेंटिलेटर मिनिटाला १५ श्वास देत असेल तर दर चार सेकंदांनी एक हेलकावा येईल, बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला, कारण प्रत्येक श्वासाबरोबर डोकं किंचित हलतं. नळीत पाणी साठलं असेल तर प्रत्येक श्वासाला काटेरी फडफड येते. नीट ऐकलं तर खळखळही ऐकू येते. सिस्टरला पाणी काढायला सांगा, फडफड जाते. ईसीजी प्रत्येक ठोक्याला सर्व चॅनलमध्ये उमटतो. एखादा इलेक्ट्रोड नेमका नाडीवर बसला तर फक्त त्याच्यात, ठोक्यानंतर जरा उशिरा, मऊ लहर येते. तो अर्धा सेंटिमीटर सरकवला की काम झालं. एसी बंद पडला की घाम, आणि घामाचे फार संथ, नदीच्या लाटांसारखे हेलकावे. दाब बदलणारी हवेची गादी, सलाईनच्या थेंबांचे ठिपके, कुडकुडण्याची दाट काळी पट्टी, हे सगळं पहिल्या महिन्यात ओळखीचं होतं.

सर्वांत फसवणारी गोष्ट म्हणजे छातीची फिजिओथेरपी. एकदा एक नवीन मुलगी माझ्याकडे धावत आली, "मॅडम, बारा नंबरला फिट चालू झाली." पडद्यावर खरंच सेकंदाला चार-पाच ठोके, हळूहळू मोठे होत जाणारे, मग अचानक बंद. पुस्तकातल्या झटक्यासारखा झटका. व्हिडिओ मागे नेला तर फिजिओ ताई पेशंटची पाठ थोपटत होत्या, थोपटण्याचा जोर वाढवत नेला, मग सक्शनसाठी थांबल्या. कॅमेरा नसता तर त्या पेशंटला एक जादा औषध गेलं असतं. नवजात बाळांच्या आयसीयूत हेच काम आई करते. बाळ कुरकुरलं की तिचा हात आपोआप थोपटायला लागतो आणि ईईजीवर लयबद्ध लहरी उमटतात. तिला थांबवू नका, फक्त "आई थोपटतेय" असं टाइप करा.

५० हर्ट्झची जाड पट्टी आली तर शोध एका क्रमाने घ्या. एकाच चॅनलमध्ये असेल तर तो इलेक्ट्रोड सुटलाय. सगळीकडे असेल तर ग्राउंड किंवा रेफरन्स बघा. तेही ठीक असेल तर खोलीतलं काहीतरी आहे: जॅकबॉक्सवरून गेलेली पॉवरची वायर, खाटेचा प्लग, उशीखाली ठेवलेला कुणाचा तरी मोबाइल चार्जर. यांतली कुठलीही वायर हलवताना सिस्टरला सोबत घ्या. व्हेंटिलेटर, पंप आणि मॉनिटर यांच्या प्लगला तुम्ही हात लावायचा नाही, कितीही घाणेरडी पट्टी आली तरी. सगळं करून थकलात की मग नॉच फिल्टर लावा, आणि लावला असं लिहा.

हाक मारा

बेशुद्ध पेशंटच्या ईईजीत वाचणाऱ्याला सर्वांत जास्त हवं असतं ते हे: बाहेरून काही केलं की लहरी बदलतात का? हृदय बंद पडून वाचलेल्या पेशंटमध्ये पुढचा अंदाज बांधताना या बदलाला मोठं वजन असतं. हे तपासायचं काम तुमचं आहे आणि ते उरकायचं नाही.

आजूबाजूला कुणी हात लावत नाहीये असा शांत वेळ निवडा. नुकताच झोपेच्या औषधाचा बोलस गेला असेल तर थांबा. आधी कानाजवळ नावाने हाक मारा. केसपेपरवरचं "रमेश" काही वेळा उपयोगाचं नसतं. घरी सगळे "बापू" म्हणत असतील तर बापू म्हणा. बायकोला किंवा मुलीला हाक मारायला लावली तर आणखी चांगलं. मग टाळी, मग खांद्याला स्पर्श, मग पापण्या उघडून बघणं, आणि शेवटी वेदना: नखावर पेन आडवा ठेवून दाब. छातीच्या हाडावर बोटं रगडून वळ उठवू नका. घरच्यांना भेटीच्या वेळी तेच वळ दिसतात. प्रत्येक गोष्टीनंतर अर्धा मिनिट थांबा, आणि नेमक्या क्षणी बटण दाबून लिहा. "स्टिम" एवढं लिहून भागत नाही. "डाव्या हाताच्या नखावर दाब, चेहरा आक्रसला" असं लिहा.

झटका दिसला तर

आधी पडद्यावरून नजर काढून पेशंटकडे बघा. डोळे एका बाजूला ओढलेत का, ओठाचा कोपरा फडफडतोय का, अंगठा हलतोय का. चादर बाजूला करून बघा, अंगठा चादरीखालीच असतो. खूण टाका, सिस्टरला बोलवा, रेसिडेंटला फोन करा. कुणाला, किती वाजता, काय सांगितलं हे लिहा.

कशाला झटका म्हणायचं याचे नियम अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने २०२१ च्या शब्दावलीत पक्के केलेत: निदान १० सेकंद, सेकंदाला सरासरी अडीचपेक्षा जास्त ठोके, किंवा निदान १० सेकंद वेग, जागा किंवा आकार स्पष्टपणे बदलत जाणारी लय. सलग १० मिनिटं चाललं, किंवा तासाभरात मिळून १२ मिनिटं भरली, तर त्याला स्टेटस, म्हणजे आटोक्यात न येणारा झटका, म्हणतात आणि घाई करावी लागते. मधल्या प्रकारांचे निर्णय डॉक्टर घेतील. तुम्ही फोनवर नाव देण्यापेक्षा वर्णन द्या: "उजवीकडे मागे, सेकंदाला दोन, आठ मिनिटांपासून चालू, पेशंट हाकेला उत्तर देत नाही." डॉक्टरांना एवढं पुरतं. त्यांनी मिडॅझोलॅम द्यायला सांगितलं तर रेकॉर्डिंग बंद करू नका. औषधाची वेळ, लहरी कधी बदलल्या आणि पेशंट जागा झाला का, तिन्ही टिपा. नुसत्या लहरी शांत झाल्या आणि माणूस तसाच राहिला तर औषधाने झटका थांबवला की नुसतं झोपवलं, हे सांगता येत नाही.

किती वेळ ठेवायचा

वर सांगितलेल्या कोलंबियाच्या अभ्यासात झटके असलेल्यांपैकी ८८ टक्के जणांचा पहिला झटका २४ तासांच्या आत पकडला गेला. कोमातल्या पेशंटमध्ये हे प्रमाण ८० टक्केच होतं, म्हणून तिथे जास्त वेळ ठेवावा लागतो. पण आपल्याकडे तीस खाटांना एक यंत्र हा प्रकार नवीन नाही. स्वित्झर्लंडमधल्या चार रुग्णालयांनी ३६८ पेशंटवर केलेली चाचणी २०२० साली छापून आली. अर्ध्या पेशंटना सलग ईईजी लावला, अर्ध्यांना वीस-तीस मिनिटांचे दोन. सलग ईईजीत झटके जास्त सापडले, औषधंही जास्त बदलली गेली, पण सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. यावरून सलग ईईजी वायफळ ठरत नाही. पण यंत्र एकच असेल तर हात चोळत बसण्यापेक्षा अर्ध्या तासाचा ईईजी दोनदा घ्या, असं मी म्हणेन.

"मेंदू चालू आहे का?"

हा प्रश्न येणारच, आणि बहुधा पडद्यावर बोट ठेवून. भारतात मेंदूमृत्यू १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे ठरतो: चार डॉक्टरांचं मंडळ, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्यात ईईजी बंधनकारक नाही. तरी डॉक्टरांनी मागितलाच तर इलेक्ट्रोडमधलं अंतर निदान १० सेंटिमीटर, सेन्सिटिव्हिटी २, आणि चांगलं रेकॉर्डिंग पूर्ण ३० मिनिटं. एवढ्या बारकाईवर मॉनिटर, ईसीजी, गादी, सगळं उमटतं. रेघ सपाट नसते आणि घरच्यांना वाटतं काहीतरी हलतंय. अशा वेळी पडदा त्यांच्या नजरेआड वळवा. उत्तर देऊ नका, चेहऱ्यावरूनही नाही. "मोठे डॉक्टर बघून सांगतील" हे वाक्य टाळाटाळीचं वाटतं, तरी ते म्हणा, आणि डॉक्टरांना खरंच बोलावून आणा.

रोजची देखभाल आणि काढणं

निदान दिवसातून एकदा गॉज उचलून कातडी बघा. कपाळावरचे आणि उशीला टेकलेले मागचे इलेक्ट्रोड सर्वांत आधी टोचतात. लाल खळगा दिसला तर इलेक्ट्रोड शेजारी हलवा, सिस्टरला दाखवा, लिहा.

काढताना पेस्ट कोमट पाण्याने सुटते. कोलोडियनला अ‍ॅसिटोन लागतं. ते डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर घडी घातलेला टॉवेल आडवा धरा. केसांत पांढरे गोळे ठेवून जाऊ नका. संध्याकाळी मुलगी भेटायला येते तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. इलेक्ट्रोड निर्जंतुक करायला द्या. जखमेला लागलेले, आयसोलेशनमधले असतील तर एकदाच वापरायचे घेतलेले बरे. गाडीची चाकं, जॅकबॉक्स आणि वायर पुसा. आणि जेवढे लावले तेवढे मोजून परत घ्या. चादरीत गुंडाळून गेलेला इलेक्ट्रोड शोधायला मी दोनदा धोबीखान्यात जाऊन आलेय.